मापाची चकती

राजेश्वरीबाईंनी पिशवीतून सागवानी चकती काढली आणि तांब्याच्या नळीच्या तोंडात घातली. चकती कुठे अडली नाही. सरळ आत गेली, पलीकडच्या टोकाने निसटली आणि फरशीवर पडून फिरत राहिली.

"पडली न्हवं?" हिंदुराव म्हणाला. कुपवाडच्या त्या शेडमध्ये तो तीस वर्षं तांब्याची कामं करीत होता. "सुभेदारसायेब दरसाली साताऱ्यास्नं यायचे, चकती घालायचे आन् म्हणायचे, सैल हाय, दुसरी बघ. एवढं माप तर मी जावई बघताना बी काढलं न्हाई."

बाई किंचित हसल्या. त्यांच्या यजमानांनी, सुभेदार उदयसिंहांनी, केलेलं वाफेचं छोटं इंजिन घरी मागच्या खोलीत उभं होतं. चाकं, दांडे, शिट्टी, सगळं तयार. फक्त तांब्याच्या नळीचा बॉयलर नव्हता; ही चकती त्याच्याच मापाची होती. फौजेत परतताना मुलगा जयराज बापाला बजावून गेला होता, 'वाफ धरायची ती मी पुढच्या सुट्टीला आल्यावर. माझ्याआधी नाही.' ती सुट्टी आलीच नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. यंदा फाल्गुनात सुभेदारही गेले. चार महिने बाईंनी कसेबसे काढले. इंजिन पुरं करायचं, कुणाला तरी देऊन टाकायचं आणि खोली मोकळी करायची, असं ठरवून त्या सकाळच्या एसटीत बसल्या होत्या. कारण दुपारी त्या खोलीतून अजून घासल्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र. दार उघडलं की थांबायचा.

"पितळेची दावू का?"

"नको. वाफेनं पितळ कुजतं म्हणायचे हे. तांब्याचीच दुसरी दाखवा."

हिंदुराव घुटमळला. हातातलं फडकं उगाच झटकलं.

"खरं सांगू का, वैनी? दुसरी कवाच न्हवती. दरसाली हीच म्होरं करतोय. पयल्या साली मी सोता चकती घालून बघितलीती. गच्च बसलीती."

बाईंनी वाकून चकती उचलली. दोन्ही अंगं हाताळून हाताळून काळी पडली होती. कड मात्र कोरी, पिवळसर होती. दरसाली सुभेदार कुपवाडला जायच्या आदल्या दिवशी त्या चहा घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या.

'काम होतंय ना?'

'होतंय,' आतून उत्तर यायचं. पुन्हा खर्र, खर्र.

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. बोटाला भुसा लागला. ताजा. त्या बोटाकडे पाहत राहिल्या, पण ते पदराला पुसलं नाही.

"मग कापू का नळी?" हिंदुरावने हळूच विचारलं. "चकतीचं काय, नवी करून घिऊ. आठ दिसांत बॉयलर हुतोय बघा."

बाईंनी चकती पुन्हा नळीत घातली. या वेळी दुसऱ्या टोकाशी त्यांचा तळहात होता. चकती अलगद त्यात उतरली.

"सैल आहे," त्या म्हणाल्या.

हिंदुरावने नळी फडक्याने पुसली आणि वरच्या फळीवर तिच्या नेहमीच्या जागी ठेवली.

"व्हय, सैलच हाय. फुडच्या साली या, वैनी. तवर दुसरी बघून ठिवतो."