आडवं पाणी, उभं लोणी

रखमा वर्गातून उठून गेली तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. पोळी करपली, दूध उतू गेलं. "कुकरच्या शिट्ट्या मी मोजू का?" असं नवऱ्याने, जयप्रकाशने विचारलं, तर मी त्याच्यावरच डाफरले.

झालं होतं असं. नेरुळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मी शेजारच्या सारसोळे गावातल्या कोळी बायकांना दुपारी लिहायला-वाचायला शिकवू लागले. एकदा साक्षरता वर्गांच्या तपासणीला सरकारी साहेब आले. रखमाने फळ्यावर 'पानी' लिहिलं, कारण त्यांच्याकडे पाण्याला पानीच म्हणतात. साहेबांनी ते नाटकातल्यासारखं वाचलं, "पाऽनी!" आणि हसले. मग बायकाही हसल्या. मासळी विकताना भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारी रखमा. तिने खडू ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि गेली. त्या साहेबाचा मला असा संताप आला म्हणून सांगू! या नवख्या वसाहतीत "बाई, जेवलीस का?" असं मला विचारणारी ती एकटीच होती.

"आता ती नाय येनार," तिची शेजारीण पुतळा म्हणाली. "चुकला की हसतान, म्हनते."

तेव्हा मला शब्दकोडं सुचलं. कोड्यात चुकलं तर कोणी हसत नाही. आडवा शब्द उभ्याला अडला की आपलं आपल्यालाच कळतं आणि आपणच गुपचूप खोडतो.

चौकोन आखले, खोडले, पुन्हा आखले. मध्येच उठून गॅलरीत जायचे, परत येऊन बसायचे. पहिलं कोडं जयप्रकाशला दाखवलं. त्यात कमळाचं संस्कृत नाव होतं, कुठल्याशा राजाची राजधानी होती.

"हे सोडवायला काशीचा पंडित आण," तो म्हणाला.

राग आला, कारण खरं होतं. टरकावून टाकलं. उत्तर रोजच्या तोंडातलं हवं, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट थोडी वळणाची हवी. सापडलं की हसू यावं, आणि त्यातलंच एक अक्षर पुढच्या शब्दाला हात द्यायला तयार असावं. हे कळायला मला अर्धी वही लागली.

'दिवसातून दोनदा येते, पण पाहुणी नाही': भरती. 'नुसती भोकं, तरी मासा सुटत नाही': जाळं. 'खाडीत भरपूर, पण तहान भागत नाही': पाणी. आणि मुद्दाम, पाण्याच्या 'णी'वर उभं लोणी: 'ताकातून निघतं, पण ताकात बुडत नाही.' पानी लिहिलं तर लोणी तिला अडवेल, अशी माझी अक्कल.

कोडं पुतळाच्या हाती पाठवलं आणि माझा जीव टांगणीला लागला. चिडली तर? फाडून टाकलं तर?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रखमाच वर्गाच्या दारात. हातातल्या कागदाला बोंबलाचा वास.

"भरतीला लय हसलू गं," ती म्हणाली. "न् यो बघ. आरवा पानी जुलला, उबा लोनी जुलला. मंग त्यो सायेब कशाला हसला?"

मी कागदाकडे बघतच राहिले. पानी. लोनी. दोघांमध्ये एकच 'नी', चौकोनात फिट्ट. तिच्या तोंडी लोणीही लोनीच असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं तोंड बोलतं तेच सगळं जग बोलतं, असं धरून मी कोडं रचलं होतं.

चूक म्हणावं तर ही पुन्हा जाणार. बरोबर म्हणावं तर उद्या दुसरा कोणी हसणार.

शेवटी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. "हे बघ. 'पानी' तुझं, बोलायचं. 'पाणी' पुस्तकातलं, लिहायचं. साहेबांना फक्त हे दुसरं माहीत आहे."

तिने दोन्हींवरून बोट फिरवलं.

"म्हंजी मना दोन येतान," ती म्हणाली, "न् त्याला येकच?"

"हो."

"मंग हसूदे मेल्याला." ती पुढच्या रांगेत बसली आणि खडूसाठी हात पुढे केला.