आगाऊ श्रद्धांजली

मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, असं म्हणतात. देवाचं तसं नाही. तो बापडा न मागताही ओंजळ भरतो, ती सांडायची सवय आपली. पण आई आणि देव यांच्या मधे कुठेतरी आमदार असतो, आणि या गावाच्या आमदारांची रीत जगावेगळी होती. ते फक्त मेलेल्या माणसाला देत.

झालं होतं असं, की मतदारसंघ होता अफाट. कापड बेतून झाल्यावर काठाला लांबलचक चिंधी उरते ना, तसा. या टोकाला साहेबांचं घर आणि कचेरी, त्या टोकाला हे गाव, आणि मधे शेतं, टेकड्या, नदी, पुन्हा शेतं. एवढ्या मुलखातल्या जिवंत माणसांना भेटत बसलो तर जन्म पुरायचा नाही, हे साहेबांनी पहिल्याच निवडणुकीनंतर ओळखलं आणि एक नेम धरला. कुणाच्याही घरचं माणूस गेलं की तिथे जायचं. हार घालायचा, डोळे टिपायचे, भाषण करायचं, आणि घरच्यांनी त्या दुःखात जे मागितलं ते गेलेल्याच्या नावाने देऊन टाकायचं. शब्दाचे पक्के होते, हे त्यांच्या विरोधकांनाही कबूल होतं. त्यामुळे शेजारच्या गावात, जिथे माणसं पटापट जात, स्वर्गीय अमक्यांच्या नावाचा रस्त्यावरचा दिवा होता, स्वर्गीय तमकीच्या नावाचा बसथांबा होता आणि एका महातापट गृहस्थांच्या नावाचा थंड पाण्याचा नळसुद्धा होता. लोक साहेबांना पाठीमागे 'खांदेकरी' म्हणत आणि समोर मतं देत.

या गावाचं दुर्दैव असं, की इथे कुणी मरतच नव्हतं. हवा चांगली, पाणी चांगलं, माणसं चिवट. मागच्या निवडणुकीपासून एक म्हैस सोडली तर कुणी दगावलं नव्हतं, आणि म्हशीसाठी साहेब येत नसत, ते विचारून झालं होतं. दिवा नाही, थांबा नाही, साधा बाक नाही. उलट गावाची प्रकृती इतकी ठणठणीत पाहून वर कुणीतरी ठरवलं की इथे नर्सबाईंचं काय काम. बाईंची बदली झाली आणि आरोग्यकेंद्राच्या दाराला कुलूप लागलं.

शिंप्याचं दुकान त्या दाराच्या बरोबर समोर. शिवता शिवता मान वर केली की कुलूप. मान खाली घातली की मागच्या खोलीतून लेकीचं कण्हणं. एकुलती एक लेक, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पाय सुजून उशीसारखे. जावई लांब कामाला. दवाखाना नदीपलीकडच्या शहरात, आणि वाट अशी की बाळाने दवाखान्यात जन्मायचं ठरवलं तरी ते रस्त्यातच उडी मारून बाहेर येईल. शिंप्याची बायको रोज एकदा तरी म्हणायची की जगाच्या बाह्या शिवून झाल्या असतील तर जरा पोरीकडेही बघा.

तो बघत होता की. साहेबांच्या कचेरीत चकरा मारून त्याच्या चपलांचे तळ गेले होते. तिथला सहायक मोठा हळवा माणूस; रोज एवढी दुःखं ऐकून त्याचा आवाजच कायमचा दाटलेला. तो प्रत्येक वेळी पाणी द्यायचा आणि विचारायचा, "मास्तर, दुःखाचं काही आहे का तुमच्याकडे? नुसत्या अडचणी आपण घेत नाही."

आणि मग थोरले शिंपी आजारी पडले.

थोरले म्हणजे शिंप्याचे वडील. सगळं गाव त्यांना 'दादा' म्हणायचं. गावातल्या तीन पिढ्यांचे खांदे त्यांनी मापले होते. ताप चढला, उचकी लागली, अन्न सुटलं. औषधाच्या दुकानदाराने, गावात तोच काय तो डॉक्टरच्या जवळपासचा, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं की गुरुवार काही दिसत नाही. दादांनीही हात जोडून देवाचं नाव घेतलं, सगळ्यांची क्षमा मागितली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शिंपी अंगणात जाऊन रडला. बापावर त्याचा जीव होता, यात शंका नको. पण रडता रडता त्याची नजर समोरच्या कुलपावर गेली, आणि माणसाचं मन मोठं लबाड. एका डोळ्याने रडतं आणि दुसऱ्याने बेत आखतं. त्याने कचेरीत फोन लावून वडील गेल्याचं कळवलं. सहायकाने हुंदका देऊन सांगितलं की साहेबांकडे गुरुवारी सकाळ मोकळी आहे, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात. शेजारच्या तालुक्यात थंडीने बरीच मंडळी नेली होती. पुढचा महिना म्हणजे लेकीचे दिवस उलटून जाणार. शिंप्याने डोळे मिटून गुरुवार धरला. स्मृतीसाठी काय हवं, असं विचारल्यावर तो म्हणाला, नर्सबाई परत हव्यात आणि कुलूप निघायला हवं. सहायक म्हणाला की झालं म्हणून समजा, दगडावर नाव कोरायला आजच टाकतो.

बुधवारी सकाळी दादा उठून बसले आणि उकडलेलं अंडं मागितलं.

एक खाल्लं, दुसरं मागितलं, मीठ कमी आहे म्हणून सुनेला ऐकवलं. ताप नाही, उचकी नाही. शिंप्याने देवाला मनापासून हात जोडले, आणि जोडलेले हात सोडवता सोडवता त्याला उद्याचा गुरुवार आठवला. त्याने धावत जाऊन फोन लावला आणि सांगितलं की वडील बरे आहेत, येऊ नका.

पलीकडे सहायकाने लांब उसासा सोडला. "सुरुवातीला असंच वाटतं, मास्तर. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटायचं, आत्ता उठून बसेल."

"अहो, उठून बसलेत. अंडी खातायत."

"खाऊ द्या," सहायक भरल्या गळ्याने म्हणाला. "अडवू नका. आम्ही उद्या येतोच." आणि त्याने फोन ठेवला.

आता घरात हे सांगायचं कुणी? बायकोला सांगितलं, तर ती आधी पदर तोंडाला लावून हसली आणि मग म्हणाली, जन्मात एक काम वेळेच्या आधी केलंत, तेही हे. सासऱ्यांना सांगायची जबाबदारी मात्र तिने घेतली नाही. ती घ्यावीही लागली नाही. दुपारी शेजारीण डोकावली आणि दादांनाच विचारून गेली की उद्या तुमचं किती वाजता आहे, म्हणजे त्या हिशोबाने चूल पेटवायला.

दादांनी लेकाला समोर बसवलं. शिंप्याने सगळं सांगितलं, मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या नावाने मागितलंस काय?"

"नर्सबाई."

"बरं केलंस. मला वाटलं बाक मागितलास की काय." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, नातीने कूस बदललेली ऐकू आली. "जन्मभर लोकांना म्हटलं, एकदा घालून बघा, कुठे दाटतं का सांगा. आता माझी पाळी. पण एक सांगून ठेवतो. मेल्याचं सोंग घेऊन मी झोपणार नाही. देवाच्या दारात जायचंच आहे थोड्या दिवसांत. तिथे मापं चोख घेतात. मी खुर्चीवर बसेन. कुणी विचारलं तर खरं सांगेन. न विचारताच कुणी हार घातला तर तो त्याचा प्रश्न."

शिंपी रात्रभर तळमळला. खरं बाहेर पडलं तर नर्सबाई गेल्या. नाही पडलं तर बापाचा जन्मभराचा चोखपणा गेला.

गुरुवारी दुकानासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. सगळं गाव आलं, आणि सगळ्या गावाला ठाऊक असल्यामुळे सगळे ओठ चावून बसले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय हा शोक. पहिल्या रांगेत, मधोमध, स्वतः शिवलेला राखाडी कोट घालून दादा बसले.

साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, उंच, वाकलेले, नजर कायम जमिनीकडे. इतकी वर्षं अशा घरांत जाऊन जाऊन त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघायची सवयच उरली नव्हती. सहायकाने आरोग्यकेंद्राच्या भिंतीशी कोरलेला दगड टेकवला, त्यावर रुमाल टाकला. साहेबांनी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचे हात हातात घेतले, म्हणजे दादांचेच, आणि खाली बघतच विचारलं, तुम्ही त्यांचे कोण.

"फार जवळचा," दादा म्हणाले. "जन्मापासून बरोबर आहोत."

साहेबांनी मान हलवली, हात दाबला आणि ध्वनिक्षेपकापुढे गेले.

भाषण नेहमीचंच, पण बसलेलं. आज ते आपल्यात नाहीत, असं सुरू झालं. त्यांच्या सुईने माणसं जोडली, त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही, त्यांच्या जाण्याने या मतदारसंघात न भरणारी पोकळी निर्माण झाली. दादांच्या डोळ्यांना धार लागली. ऐंशी वर्षांत त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. घरच्यांनी तर नाहीच. शेवटी साहेबांनी रुमाल उचलला. दगडावर लिहिलं होतं, 'स्वर्गीय शिंपीदादा आरोग्यकेंद्र'. नर्सबाई येत्या सोमवारी रुजू होतील, असं त्यांनी जाहीर केलं, आणि शिंप्याने रोखून धरलेला श्वास सोडला. एवढ्यावर सगळे उठले असते तर बरं झालं असतं. पण दादा उठले.

ते म्हणाले की सगळं गोड होतं, फक्त मन न दुखावल्याचं खरं नाही. सूनबाई आणि निम्मं गाव साक्षीला आहे. आणि दुसरं असं, की ते आपल्यात नाहीत हेही खरं नाही. ते हे उभे आहेत.

शिंप्याने डोळे मिटून घेतले. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली.

सहायकाला घाम फुटला. त्याने साहेबांच्या कानाशी लागून, पण ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं की आपली रीत फक्त दिवंगतांसाठी आहे, जिवंत माणसाच्या नावाने एकदा दिलं की रांग लागेल, दगड परत गाडीत घालू.

"घाई असेल तर थांबा तासभर," दादा शांतपणे म्हणाले. "बघतो मी काही जमतंय का. पण काल दोन अंडी खाल्ली आहेत, शब्द देत नाही."

कुणाच्या तरी नाकातून हसू सुटलं. एकदा सुटल्यावर ते रांगेतून उसवत गेलं, धागा ओढला की शिवण सुटते तसं. साहेब हसले नाहीत. ते खाली खुर्चीत बसले आणि हळूच दादांना म्हणाले, जिवंत माणूस समोर आला की मला धडकीच भरते. तो पुन्हा येतो, पुन्हा विचारतो. गेलेला माणूस एकदाच मागतो.

दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, माप घेताना ठेवत तसा. "साहेब, उजवा खांदा उतरलाय तुमचा. फार ओझी वाहिलीत एकाच बाजूने."

तेवढ्यात आतून लेक आली. हसण्याचा आवाज ऐकून ती भिंत धरत धरत दारात येऊन उभी राहिली होती. साहेबांची नजर तिच्या सुजलेल्या पायांवर गेली, मग वर, तिच्या तोंडाकडे. आणि त्यांनी मतदारसंघातल्या जिवंत माणसाला बहुधा पहिलाच प्रश्न विचारला. "कधी आहे, बाळ?"

"तुमच्या नर्सबाई कधी येतात त्यावर आहे," ती म्हणाली. "मी थांबवून धरलंय."

साहेब उठले. सहायकाने गाडीकडे नेलेला दगड त्यांनी परत आणवला आणि शिंप्याला म्हणाले, सोमवार म्हटलंय ना मास्तर, मग सोमवारच.

देवाची कृपा, आणि साहेबांचा शब्द, दोन्ही पोचले. सोमवारी कुलूप निघालं, आणि त्याच आठवड्यात नर्सबाईंच्या हातावर शिंप्याची नात रडत आली. साहेब भेटायला आले. जन्म झालेल्या घरी जायची त्यांची पहिलीच वेळ. हार आणला होता. तो कुणाला घालावा ते कळेना, म्हणून शिवणयंत्राला घातला. मग सवयीने उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आज ती आपल्यात..."

आणि अडकले. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. सहायक रुमाल शोधू लागला.

"आहे," दादा मागून म्हणाले.

"आहे," साहेब म्हणाले, आणि मग डोळे टिपावे लागले ते त्यांनाच.

दगड अजून तिथेच आहे. कोरलेलं काही खोडता येत नाही, म्हणून शिंप्याने 'स्वर्गीय' या शब्दावर बसेल असा जाड कापडाचा पट्टा शिवून दिला, दोन्ही टोकांना बटणं. नर्सबाई सकाळी दार उघडतात तेव्हा दादा काठी टेकत येतात, बटणं ओढून बघतात आणि लेकाला हाक मारून सांगतात की हे डावं सैल झालंय, पक्कं कर, इतक्यात कुणाला उघडायची गरज नाही.