मालक आत नाहीत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर माझ्या छातीला शटर बसलेलं होतं. राखाडी, पन्हळी पत्र्याचं, खाली दोन्ही बाजूंना कुलपाच्या कड्या. गळ्याखाली सुरू होऊन बेंबीपाशी संपत होतं. दुखत काही नव्हतं. बनियन मात्र उभं फाटलं होतं, आणि ते आठच दिवसांपूर्वी आणलेलं, म्हणून मी आधी त्यावरच चिडलो.

"अहो, हे काय लावून घेतलंत?" वैजयंता चहा घेऊन आली होती.

"मी कशाला लावून घेऊ? रात्रीतून आलंय."

तिनं कप खाली ठेवला, पदर खोचला आणि कड्यांत बोटं घालून शटर वर ढकललं. केवढा खडखडाट! वाकून ती बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, दहा बाय बाराचा गाळा आहे, फरशी घातलेली, चुना ताजा, एक काउंटर, एक खुर्ची आणि पंखासुद्धा आहे. आमची मुक्ता सहा वर्षांची. ती लगेच आत जाऊन खुर्चीवर बसून आली.

"पप्पा, तुमच्यात गार वाटतंय," ती म्हणाली.

हे कुठून आलं ते उमगेपर्यंत चहा गार झाला. चूक माझीच. मी घरोघर पार्सलं पोचवतो, आणि सकाळी जिथून ती उचलायची त्या हबवर खंडेनवमीला पूजा असते. आम्ही बावीस जण. सगळ्यांनी गाड्यांच्या किल्ल्या पाटावर ठेवल्या. हबचे इन्चार्ज पाचोरे साहेब म्हणाले, "फोनपण ठेवा रे. तेच आपलं हत्यार." मला पटलं. फोन बंद करून मग पूजा करावी हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. हळद वाहिली, कुंकवाचं बोट टेकवलं, तेवढ्यात पडदा उजळला. कंपनीकडून काहीतरी लांबलचक मजकूर आला होता आणि माझं बोट नेमकं 'मान्य आहे'वर होतं. सगळ्यांचीच बोटं तिथं होती. पेढा खाता खाता वाचलं, तर यापुढे मी कंपनीचं काम करणारा माणूस नसून एक स्वतंत्र आस्थापना आहे, असं लिहिलेलं. आस्थापना म्हणजे दुकान, गाळा, असलं काहीतरी. मी म्हटलं, असते कागदावरची भाषा. आता बोला.

आणि नेमकी आजच कामगार कार्यालयात माझी सुनावणी होती. गणपतीच्या आठवड्यात एक पार्सल पोचवताना वाळूवरून गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, आपण आमचे कामगार नाही, आपण धंदा आहात, आणि धंद्याला मनगट नसतं. म्हणून मी अर्ज केला होता. मी कामगार आहे एवढं लिहून द्या. बाकी काही मागितलं नव्हतं.

अंघोळ करून निघतोय तोच आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी चिवटे काका दारात. हातात पोटनियमांची पुस्तिका.

"मारुती, तक्रार आलीय."

"कुणाची?"

"माझीच. शटरचा आवाज खालपर्यंत आला. निवासी इमारतीत गाळा चालत नाही बाबा."

"काका, मी गाळा नाही. मी माणूस आहे."

"असशील रे. मी कुठं नाही म्हणतोय? पण शटर आहे ना?"

शटर तर होतंच. वैजयंता मात्र तडकली. "गच्चीवरची टाकी धुवायला बोलावलंत तेव्हा हे माणूसच होते की!"

"तेव्हा शटर नव्हतं, वहिनी." हेही खरंच होतं. काका तसा वाईट माणूस नाही. "पाच वाजेपर्यंत कुठल्या तरी ऑफिसचं लिहून आण, की हा गाळा नाही. मग काही प्रश्न नाही. नाही आणलंस तर तुला गेटच्या आत घेता येणार नाही. वहिनी आणि मुक्ता राहू शकतात. त्या निवासी आहेत."

वैजयंतानं माझा हात धरला. "काय वाटेल ते करा, पण लिहून घेऊनच या," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी एक रात्र घराबाहेर राहिलो नव्हतो. मी हो म्हणालो.

शर्टाची बटणं लागेनात, म्हणून तसाच निघालो. गाडीला दसऱ्याचा झेंडूचा हार होता तो तेवढा काढून ठेवला. पहिल्याच चौकात एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. "किती वाजता उघडता?" मी म्हटलं, आजोबा, मी दुकान नाही. "मग भाड्यानं द्यायचाय का?" ते म्हणाले. दुसऱ्या चौकात मी थांबलोय तेवढ्यात कोणीतरी येऊन माझ्यावर शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवून गेलं. मी ओरडलो. तो म्हणाला, "इथं 'जाहिरात लावू नये' असं लिहिलेलं नाही." तेही नव्हतं लिहिलेलं.

कामगार कार्यालयाच्या दारात शिपाई म्हणाला, "कामगार डावीकडं, आस्थापना उजवीकडं." मी डावीकडं वळलो तर बाकावर जागा होती, पण मी बसायला लागलो की बाक आखूड व्हायचा. उजवीकडं गेलो तर तिथं बाकच नव्हता, नुसत्या भिंतीत रिकाम्या चौकटी होत्या, शटर मावेल एवढ्या. मी मधोमध उभा राहिलो. अकराची सुनावणी, नाव पुकारलं तेव्हा चार वाजायला आले होते.

आत अत्तार मॅडम होत्या. कामगार अधिकारी. पन्नाशीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात, समोर हे एवढं मोठं रजिस्टर. कंपनीकडून पाचोरे साहेब फाइल घेऊन आले होते. खंडेनवमीला त्यांनीच मला हातानं पेढा भरवला होता.

"अर्जदार कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी."

त्यांनी चष्मा लावला. "तुम्ही तर गाळा आहात."

"अर्ज केला तेव्हा नव्हतो, मॅडम."

"बघताय ना, मॅडम," पाचोरे म्हणाले. "ही स्वतंत्र आस्थापना आहे. आम्ही फक्त भागीदार. शटर आमचं नाही."

"साहेब, जरा तरी लाज बाळगा की!" माझा आवाज चढला. "सकाळी साडेसातला हजर राहा म्हणून कोण कोकलतं?"

"आम्ही विनंती करतो."

"कंपनीचाच शर्ट घालायचा म्हणून?"

"सुचवलंय."

"आणि मागल्या वर्षी एक पार्सल नको म्हणालो तर तीन दिवस माझा फोन मुका केलात, ते?"

"विश्रांती दिली."

मॅडमनी हात वर केला. "हे बघा, गाळ्याची सुनावणी नसते. एक तर कामगाराची असते, नाहीतर मालकाची. मला मालकाशी बोलू द्या."

"मालक मीच."

"तुम्ही गाळा आहात. मालक आत बसतो." त्या खुर्चीतून उठल्या, रजिस्टर बगलेत मारलं, माझं शटर वर केलं आणि वाकून आत गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मला बरगड्यांत ऐकू येत होता. अवघडल्यासारखं झालं. परक्या बाईमाणसाच्या समोर आतून केर काढलेला आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"मालक आत नाहीत," त्यांनी आतून सांगितलं.

पाचोरे हसले. "बाहेर गेले असतील. स्वतंत्र आहेत."

"खुर्चीवर कोणी बसतच नाही इथं. नुसती लहान मुलाच्या पायांची धूळ आहे." पंखा सुरू झाल्याचं मला जाणवलं. "काउंटरवर पाटी नाही, दराचा फलक नाही, एका गिऱ्हाइकाचं नाव नाही. मागं दार आहे. थांबा, उघडते." करकर झाली आणि माझ्या पाठीत वारं शिरलं. "हे दार तर तुमच्या हबमध्ये उघडतंय, पाचोरे. पार्सलांचे ढीग दिसतायत. भिंतीवर हजेरीचा तक्ता आहे. मारुती उगारे, साडेसात, उशीर, लाल शाईनं."

पाचोरेंनी रुमालानं मान पुसली.

"उगारे, पार्सल कुणाला द्यायचं ते कोण ठरवतं?"

"फोन."

"रस्ता?"

"तोही फोनच."

"मग हा गाळा नाही. मी तसं लिहिते."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खरं सांगतो, महिनाभर सगळ्यांनी मला तू कोणी नाहीस असं इतक्या गोडीनं समजावलं होतं, की मलाही थोडंफार पटत चाललं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. इथून घर वीस मिनिटं. आतून पेनाची करकर ऐकू येत होती. 'अर्जदार हा कंपनीचा कामगार असून', त्या मोठ्यानं बोलत लिहीत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. नवीन पार्सल.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"बसा, उगारे. सही राहिलीय," मॅडम आतून म्हणाल्या.

"बसतोच आहे, मॅडम." पण मी बसत नव्हतो. गुडघे वळेनात. पाय दाराकडं निघाले होते.

"बघा, मॅडम," पाचोरे एकदम खुलले. "कुणी सांगितलं जायला? स्वतःच्या मर्जीनं चाललेत."

"मॅडम, मी जात नाहीये! मला नेतायत! हेपण लिहा!"

"लिहिते, लिहिते. पण थांबा तरी, मी आत आहे!"

मी जिन्याचा कठडा धरला. हात ताणला गेला, पाय पुढं, आणि मोडलेल्या मनगटात अशी कळ उठली की कठडा सोडावाच लागला. तीन जिने उतरलो. शिपायानं बाजूला होत सलाम केला, मला नव्हे, मॅडमना. गाडी, किल्ली, हेल्मेट. मी काहीच करत नव्हतो आणि सगळं होत होतं. वरच्या खिडकीतून पाचोरे ओरडले, "पार्सल मागच्या दारानं येतंय!"

"आलं," मॅडमचा आवाज आला. "खोकं आहे. काउंटरवर ठेवलंय. उगारे, आणखी तीन आली. मला पाय ठेवायला जागा राहिली नाही. तुम्ही आधी सही करा, सहीशिवाय हे वाया जाईल."

"गाडी चालतेय, मॅडम."

"मग मी बाहेर देते."

शटर हातभर वर झालं. आधी रजिस्टर आलं, उघडं, पेट्रोलच्या टाकीवर टेकलेलं, वाऱ्यानं पान फडफडत होतं, आणि त्यावर मॅडमचा अंगठा घट्ट. मी खाली नजर टाकली. सुवाच्य अक्षर. माझं नाव, त्याखाली 'कामगार', त्याखाली रिकामी ओळ. मग दुसरा हात आला, टोपण काढलेलं पेन घेऊन.

"इथं. नुसतं नाव लिहा, पुरे."

माझे दोन्ही हात हँडलवर होते. उजवा उचलायला गेलो तर उचलेना, मूठ आणखी आवळली आणि गाडी पळाली.

"हात सुटत नाही, मॅडम."

"घाबरू नका. पुढच्या सिग्नलला थांबाल तेव्हा करा."

फोनवर नकाशा होता. त्यावर वैजयंताचं नाव आलं, थोडा वेळ वाजत राहिलं आणि गेलं. पाच वाजायला अकरा मिनिटं होती. घराचा फाटा डावीकडं होता. नकाशानं सरळ सांगितलं.

सिग्नल हिरवा होता.

"पुढच्याला," मॅडम म्हणाल्या.

तोही हिरवा झाला. त्याच्या पुढचे, थेट पुलापर्यंत दिसत होते तेवढे सगळे, मी जवळ जाईन तसे एकेक हिरवे होत गेले, आणि मॅडमचा हात पेन धरून माझ्या छातीतून तसाच बाहेर होता.