हललेला फोटो

शवागारातल्या कारकुनाला सगळं हॉस्पिटल 'खांब' म्हणायचं. तोंडावर खांबकाका, पाठीमागे नुसतं खांब. त्याला त्याचा राग नव्हता, उलट मनातून बरंच वाटायचं. अनोळखी म्हणून आलेल्या माणसांचे फोटो काढणं हे त्याचं काम होतं आणि फोटो काढताना तो जो उभा राहायचा, तो शेजारी भांडं पडलं तरी हलायचा नाही. फोटोला नंबर घालायचा, अल्बममध्ये लावायचा, कुणी आपलं माणूस शोधत आलं की तो अल्बम पुढे ठेवायचा. फोटो हलला तर आई पोराला ओळखत नाही, इतका साधा हिशेब. तेरा वर्षांत आपले अकराच फोटो हलले, हे तो कुणी विचारो न विचारो, सांगायचाच.

आता निवृत्तीला आठवडा उरला होता. त्याच्या जागेवर एक्स-रे विभागातून एक बाई आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. सोमवारी खांबाने साबणाच्या वडीएवढा तो कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला.

"लहान आहे म्हणून फसू नका. हलका कॅमेरा जास्त हलतो," तो म्हणाला. "फ्लॅश लावायचा नाही. ओल्या चेहऱ्यावर फ्लॅश पडला की नाकाच्या जागी पांढरा डाग येतो. फ्लॅश नाही म्हणजे उजेड कमी, मग कॅमेरा आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. पाव सेकंद, कधी अर्धा. तेवढ्यात तुम्ही शिंकलात की संपलं. म्हणून स्टँड. झूम करायचा नाही, स्टँडच पुढे सरकवायचा. बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन आला की पूर्ण. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, हात मागे घ्यायचे आणि उभं राहायचं."

"तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं," खांब म्हणाला. बाईंनी चेष्टा केली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग त्याने कॉम्प्युटरवर 'बाद' नावाचा फोल्डर उघडला. एकदा काढलेला फोटो पुसायचा नाही असा नियम होता, त्यामुळे ते अकराही तिथे होते. शिकवायला बरे पडतात म्हणून तो एकेक दाखवू लागला. हा टायमर विसरलो म्हणून. हा स्टँडचा पाय सैल होता. हे तीन सुरुवातीचे, तेव्हा हातात धरून काढायचो, काय अक्कल होती! हा ताप होता त्या दिवशीचा. शेवटच्या फोटोपाशी तो थांबला.

"हा पाच वर्षांपूर्वीचा. थंडीत नदीतून काढलेला तरुण पोरगा. इथे माझा हात हलला."

हा फोटो त्याला नीट आठवत होता, कारण त्या पोराची बहीण शुक्रवारी यायची होती. तिने भावाला खांबाच्या अल्बममधूनच ओळखलं होतं. अर्थात या फोटोवरून नाही, त्यानंतर काढलेल्या स्वच्छ फोटोवरून. शिवणकाम करायची. भावाचा लहानपणचा एक फोटो सोडला तर तिच्याकडे काही नव्हतं, आणि आता तिची मुलगी विचारायला लागली होती, मामा कसा दिसायचा म्हणून. तिने फोन केला होता, तुम्ही जायच्या आत एक प्रत द्या. खांबाने कबूल केलं होतं.

बाई स्क्रीनच्या जवळ गेल्या. "कॅमेरा स्टँडवर होता?"

"म्हणजे काय! ताप आला तेव्हापासून मी हातात धरलेलाच नाही."

"टायमर?"

"लावलेला. स्टँडला धक्का लागला असेल माझा."

"काका, स्टँडला धक्का लागला असता तर सगळंच हललं असतं." बाईंनी बोट ठेवलं. "उशाजवळची ही नंबरची पाटी बघा. आकडा किती स्वच्छ आलाय. टेबलाची कड बघा, गंज दिसतोय. खांद्यावरची चादर बघा. हललाय तो फक्त चेहरा."

"मग?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, श्वास रोखा, हलू नका. आमच्याकडे मशीन कधी हलत नाही, काका. पेशंट हलतो."

खांबाने फोटो मोठा केला. पाटी स्वच्छ. कड स्वच्छ. आणि मधे त्या पोराचं तोंड, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे पुसल्यासारखं.

खाली वेळ होती, तीन चाळीस. स्वच्छ फोटोची वेळ चार पंचवीस.

तो पाऊण तास कुठे गेला, हे त्याला शोधावं लागलं नाही. फोटो हलला होता आणि दुसरा काढायच्या आतच बॅटरी संपली होती. ती चार्जिंगला लावून तो दारावरच्या रखवालदाराबरोबर चहा प्यायला गेला होता. रखवालदाराने त्याच्या सासऱ्याचा कसलासा किस्सा सांगितला होता आणि खांब हसून हसून बेजार झाला होता. परत आला तेव्हा पोराची मान भिंतीकडे वळलेली होती. सफाईवाल्याने हलवली असेल, लेकाचे नीट काम करत नाहीत, असं पुटपुटत खांबाने ती स्वतःच्या हातांनी सरळ केली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं ना, गेला म्हणून! थंडीने गारठलेल्या माणसाची नाडी लागत नाही, हे कारकुनाला कोण सांगणार?

आणि चार दिवसांनी बहीण आली होती. पदर तोंडात धरून तिने एकच विचारलं होतं, "इथे आणला तेव्हा तो गेलेलाच होता ना, दादा?" खांब ठामपणे म्हणाला होता, "आणला तेव्हाच. काही कळलंसुद्धा नसेल त्याला." ती म्हणाली होती, "तेवढ्यावर मी जगेन."

त्या सोमवारपासून खांबाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. टेबलावर कुणी आलं की तो आधी चादर बाजूला करून मानेवर दोन बोटं ठेवायचा आणि शंभर आकडे मोजायचा. मोजून झालं की पुन्हा शंभर. टायमरची टिकटिक सुरू झाली की त्याला वाटायचं, याच दोन सेकंदांत कुणीतरी मान वळवणार. प्रत्येक फोटोत तो आधी चेहरा बघायचा नाही, पाटी बघायचा. पाटी स्वच्छ दिसली की मग भीत भीत चेहऱ्याकडे. घरी दुपारी बायको आडवी झाली की हा जाऊन तिच्या नाकापाशी हात धरायचा.

"अहो, जिवंत आहे मी," ती एकदा डोळे न उघडता ओरडली. "झोपू द्या ना जरा!"

तिला काही सांगावं म्हणून तो तिथेच पलंगाच्या कडेवर बसला. मग न सांगताच उठून आरशासमोर उभा राहिला. अकरा, अकरा म्हणून ज्याची एवढी फुशारकी मारली, तो आकडा खरं तर दहाच होता. आता बोला!

गुरुवारी बाईंनी दोन्ही फोटो छापून त्याच्या टेबलावर ठेवले.

"मी एकच सांगितला होता," खांब म्हणाला.

"मी काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

"तिला काय सांगू? ती तेवढ्या एका शब्दावर जगतेय. आणि माणूस काही परत येणार आहे का त्याने?"

"म्हटलं ना, मी बोलणार नाही." बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण हा शब्द तिच्यासाठी राखताय की तुमच्यासाठी, तेवढं मात्र बघा."

खांबाचं टाळकं सरकलं. असा भडकला की फाईल आपटली. भडकला, कारण बाईंनी नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं. मग त्याने स्वच्छ फोटो पाकिटात घातला आणि दुसरा अल्बमखाली सरकवला.

शुक्रवारी अकराला बहीण आली. केस पांढरे झाले होते, बोटाला सुई टोचल्याच्या खुणा तशाच. तिने पाकीट उघडलं, फोटो बराच वेळ बघितला आणि परत आत ठेवला.

"किती उपकार झाले, दादा," ती म्हणाली. पण चेहरा उतरला होता. "फक्त... पोरीला कसा दाखवू हा? हा गेलेला दिसतो."

"ताई, आमच्याकडे दुसरा कुठून असणार?"

असं म्हणताना खांबाचा हात अल्बमवर गेला. झाकायलाच गेला होता, पण अल्बम सरकला आणि खालचा कोपरा बाहेर आला. तिने तो ओढून घेतला.

"हा?"

"तो बिघडलाय. बाद आहे तो. माझा हात हलला."

ती खिडकीपाशी गेली. उजेडात फोटो धरला आणि तिच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते बघून खांबाला पळून जावंसं वाटलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"अगदी असाच करायचा," ती म्हणाली. "सकाळी उठवायला गेलं ना, डोळे मिटलेलेच आणि मान अशी इकडून तिकडे. नको, ताई, नको, पाच मिनिटं. शाळेच्या दिवशी रोजचं. हाच द्या मला, दादा. बरं झालं तुमचा हात हलला. त्या फोटोत मेलेला आहे तो, ह्यात नाही."

तिने फोटो पदराने पुसला आणि पर्स उघडली. दारात एक्स-रेवाल्या बाई उभ्या होत्या.

खांबाने कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि बहिणीच्या मागे आणून ठेवली. खुर्चीचे पाय फरशीवर खडखडले.

"ताई, बसा जरा," तो म्हणाला. "माझा हात हलला नव्हता."