तुटलेले दोन सेंटिमीटर

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी टेप आहे, पण जन्मात एक झंपर मोजला नाही. मंचरच्या बाजारात नूतनताईंनी मला घेतलं ते बिबट्याचे पंजे मोजायला! ऐकून मी गारच पडले.

ताई वन्यजीवांच्या अभ्यासक. ते अठ्ठ्याण्णव साल होतं आणि आंबेगाव-जुन्नरच्या उसात बिबटे बिऱ्हाड करून राहत होते. ताई बांधावर गुडघे टेकायच्या, मला चिखलातल्या ठशावर धरायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. चिखलानं माझा पार अवतार व्हायचा, पण काय दिवस होते ते!

एकदा अवसरी गावात बाभळीच्या काट्यात अडकून माझं पत्र्याचं टोक दोन सेंटिमीटरसकट तुटलं. शेतकरी चिमाजींच्या बायकोनं, बायडाबाईंनी, तुटक्या कडेला असे सुबक टाके घातले की कुणाला पत्ताच लागू नये. तेव्हापासून ताई मनातल्या मनात दोन वजा करून आकडा लिहायच्या.

पुढे ताईंचं नाव झालं आणि पुण्याच्या ऑफिसात खुर्ची मिळाली. अहवाल, बैठका, सह्या. "पुढच्या आठवड्यात येते," असं त्या फोनवर सांगायच्या. तो आठवडा काही उगवला नाही. मला त्यांनी वनरक्षक रामदासकडे दिलं आणि घाईत दोन सेंटिमीटरांचं सांगायचंच राहिलं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत, ऐन ऊसतोडीत, रामदासनं चिमाजींच्या बांधावर ठसा मोजला. लगेच ताईंना फोन केला. "ताई, नऊ भरतोय. लई मोठा नर हाय!"

अरे बाबा, सात! मादी आहे ती! मी आतल्या आत ओरडत राहिले. उसात पिल्लं असतात, म्हणून तोडीच्या दिवसांत मादीला हात लावायचा नाही, हा ताईंचाच नियम. पण ताईंनी खुर्चीतूनच लिहून दिलं: एकटा नर, हलवायला हरकत नाही.

पिंजरा लागला. पकडलेलं जनावर झाकून गाडीनं दूरच्या जंगलात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा फॅक्स आला: 'मादी आहे, आचळांत दूध आहे. सोडू की परत आणू?' तो फॅक्स ताईंच्या टेबलावर अहवालांच्या ढिगाखाली पडून राहिला. दोन दिवस वाट पाहून डॉक्टरांनी तिला तिथेच सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी ऊसतोडीवाल्यांना दोन पिल्लं सापडली. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. ताई धावत आल्या. रामदासनं मला त्यांच्यापुढे धरलं. "ताई, नऊच व्हतं वो, आईशप्पत!"

बायडाबाईंनी माझी कड बोटांनी चाचपली. "ताई, ही मी शिवलेली ना? तुमी याला सांगितलंच न्हाई?"

ताई मटकन बांधावर बसल्या.

पाच रात्री पिल्लं त्याच जागी ठेवली. आई आली नाही. एक पिल्लू गेलं. दुसरं कायमचं पिंजऱ्यात आलं.

आता ताई आठवड्यातले चार दिवस शेतात असतात आणि दोनच दिवस खुर्चीत. नवी टेप त्या घेत नाहीत. मित्रांनो, आम्हा वस्तूंना वाचा नसते हो! आम्हाला दुसऱ्याच्या हाती देताना आमचं दुखणंही सांगत जा. आणि सही करण्याआधी एकदा तरी गुडघे मातीला लागू द्या.

परवा त्या पिल्लाचा पंजा मोजला. ती मादीच आहे, आता पूर्ण वाढलेली. माझ्यावर नऊ भरले. ताईंनी दोन वजा केले आणि वहीत सात लिहिलं.