ताप नव्हता

"छकुले, इकडे ये. केसांचा काय अवतार केलायस!"

आई हे मला म्हणाली तेव्हा माझं वय बावन्न होतं आणि हातात थर्मामीटर होता. ताप नव्हता. सत्तावीस वर्षं मी दवाखान्यात नर्स आहे. माणसापेक्षा थर्मामीटरवर माझा जास्त विश्वास. म्हटलं, साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची तर ऐंशी उलटली.

छकुली मी सात वर्षांची होईपर्यंत होते. मग वडील गेले, आईने शिलाई मशीन आणलं आणि मी नुसती "अगं ए" झाले. तिचं चुकलं असं नाही. घरात खाणारी चार तोंडं, लाड करायला वेळ कुणाला होता? पण पंचेचाळीस वर्षं माझे कान आसुसले होते, खोटं कशाला बोलू.

दोन दिवस मी छकुली होते. आई जेवायला नको म्हणायची, थोडंसं खोकायची, झोपायची. जाग आली की पुन्हा, "छकुले, शाळा सुटली का गं?"

"सुटली गं आई."

मी रजाच टाकली. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तिला भ्रम झालाय. डॉक्टरांना दाखव."

"नर्स तू की मी? ताप नाहीये तिला. वय झालंय," मी त्याला झापलं. आमच्या दोघींच्या मधे मला कुणी नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पुढ्यात बसवलं आणि उरल्यासुरल्या चार केसांच्या दोन वेण्या घालायला घेतल्या. मानेवर तिचा श्वास लागत होता. तोकडा, भराभर. सवयीने घड्याळाकडे बघत मी मोजले. मिनिटाला चौतीस.

विसाच्या आसपास हवेत. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, कधीकधी आधी भ्रमच होतो, म्हणून श्वास मोजा, हे मी दरवर्षी नव्या पोरींना घसा फोडून शिकवते. दिव्याखाली अंधार!

एक वेणी झाली होती. तेव्हाच उठायला हवं होतं. मी दुसरी होईपर्यंत बसून राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

वॉर्डात तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. एक्स-रेत उजवं फुफ्फुस खालून पांढरं दिसत होतं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. "सिस्टर, तुम्ही घरात असून दोन दिवस?" एवढंच म्हणाली. चार दिवस देव पाण्यात ठेवून बसले.

पाचव्या दिवशी आई भानावर आली.

"अगं ए, माझा चष्मा कुठाय?"

"हा घे."

"मी काही बडबडले का गं?"

"छे! काही नाही."

"बरं झालं. आणि तुला ड्यूटी नाही का? बसलीस काय अशी?"

आई वाचली याचा आनंद खोटा नाही. पण ती आजारी आई मला परत हवी होती, आणि हे सांगायचं कुणाला? मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.