हिरवा ठिपका

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या धंद्यात बाईंच्या शब्दापुढे कोणी जात नसे. गिअरबॉक्स गाडीचा जन्मापासूनचा आहे की मधेच कुणी दुसऱ्या गाडीचा आणून बसवलाय, हे बाई सांगायच्या. त्यांनी "मूळ" म्हटलं की विषय संपला. विकणारे त्यांच्या नावानं बोटं मोडत, पण बोलावत त्यांनाच.

घरात मात्र त्यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. नवरा अशाच गाड्यांचा मध्यस्थ. पण जेवताना बाई गिअरबॉक्सबद्दल सांगायला लागल्या की तो "हं, हं" करत मोबाईलमध्ये डोकं घालायचा. बाई बोलतच राहायच्या. दिवसभर जे सापडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

त्या दिवशी वर्कशॉपच्या लिफ्टवर नवऱ्यानं आणलेली एक लाल, दोन सीटची गाडी होती. घेणारे होते दातांचे एक निवृत्त डॉक्टर. तरुणपणापासून त्यांचा या गाडीवर जीव जडला होता.

"मूळ गिअरबॉक्स असेल तरच घेणार," ते फोनवर म्हणाले होते. "तुम्ही हो म्हणा, मी डोळे मिटून घेतो."

"डोळे उघडे ठेवा हो डॉक्टर."

"कशाला? तुमचे आहेत की! शेवटी आपण दोघांनी आयुष्यभर दातच तपासले, मी माणसांचे, तुम्ही गिअरचे."

नवऱ्याची सकाळपासून लगबग चालली होती. "बघून टाक पटकन. अस्सल माल आहे," असं सांगून तो चहा आणायला गेला.

माल खरंच अस्सल वाटत होता. बाईंनी गाडी आधी चालवून पाहिली होती. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर पडत नव्हता, आणि पडला की रडत होता. त्या सालचे बॉक्स असेच हट्टी. बाहेरचं आवरण गुळगुळीत होतं, नंतरच्या बॉक्सवर असतात तशा उभ्या पट्ट्या त्यावर नव्हत्या. ठोकलेला नंबर गाडीच्या कागदांशी जुळत होता. शेवटी बाईंनी क्लचच्या काट्यावरची रबरी टोपी सरकवून आत टॉर्च मारला.

आत, काट्याच्या मागे, रंगाचा हिरवा ठिपका होता.

बाईंनी टॉर्च आणखी जवळ नेला.

काही वर्षांपूर्वी त्यांना ओळीनं तीन गिअरबॉक्समध्ये असाच ठिपका दिसला होता. कारखान्यातल्या तपासनिसाची खूण असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्या रात्री जेवताना नवऱ्याला हरखून सांगितलं. पुढे कळलं की तिन्ही गाड्या एकाच जुन्या गॅरेजमधून गेल्या होत्या, आणि तिथला एक फिटर काम झालं की ठिपका लावायचा. कारखान्याचा काही संबंध नव्हता. आपलं हसं होईल म्हणून बाईंनी ते मनातच ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं मुळात ऐकलंच कुठे होतं!

हाही त्याच फिटरचा असू शकेल, असं म्हणत त्यांनी तारेला चिंधी गुंडाळली, थिनरमध्ये बुडवली आणि ठिपक्यावरून फिरवली. ठिपका सहज निघून आला. चाळीस-पन्नास वर्षांचा रंग असा निघत नाही. मग त्यांनी ठोकलेला नंबरही पुसून पाहिला. चिंधीला बुटाच्या पॉलिशचा वास आला, आणि खाली कानशीनं घासलेला चकचकीत धातू दिसला. जुना नंबर खरवडून वर नवा ठोकला होता, आणि तो जुना दिसावा म्हणून पॉलिश फासलं होतं.

नवरा दोन कप घेऊन आला. "झालं? आतला ठिपका बघितलास ना?"

बाईंनी चिंधी त्याच्यासमोर धरली. "त्या ठिपक्याला काही अर्थ नाही. ती माझी चूक होती."

त्याचा चेहरा पडला. मग त्यानं विचारलं, "ठिपक्याचं आणखी कुणाला सांगितलं होतंस?"

"फक्त तुला."

"मग झालं तर!" त्यानं कप टेकवले. "पुसलास ना तो? आता दाखल्यावर सही करून टाक. तुझ्या सहीवर कोण शंका घेणार आहे?"

बाईंना रडू येत होतं आणि रागही. इतकी वर्षं हा माणूस ऐकत नाही याचं त्यांना दुःख होतं. त्यानं ऐकलं होतं. नेमकं त्यांनाच फसवायला लागेल तेवढं त्यानं जपून ठेवलं होतं.

त्यांनी हात पुसले आणि फोन लावला.

"डॉक्टर, गिअरबॉक्स मूळ नाही. नंबर खोटा आहे."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. कुणी केलं असेल हो असं?"

"माझ्या नवऱ्यानं," बाई म्हणाल्या.

नवरा समोरच उभा होता. मोबाईल त्याच्या खिशात होता, आणि तो शब्दन्‌शब्द ऐकत होता.